रिकाम्या घागरीवरचा सॅक्सोफोन

उत्तनला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या गिरगावच्या चाळीत पहिला प्रश्न येतो, "का हो, कोण गेलं?" भाईंदरच्या पलीकडे माणूस आपण होऊन, हौसेने जाईल यावर चाळीचा विश्वास नाही. भाईंदर म्हणजे मीठ आणि रेती, आणि या दोन्ही वस्तू घरबसल्या मिळतात. तेव्हा मी ऐन मे महिन्यात खांद्यावर ग्रामोफोन घेऊन तिकडे जाझ ऐकायला गेलो होतो, हे कळल्यावर शेजाऱ्यांनी माझ्या बायकोकडे ज्या सहानुभूतीने पाहिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही तसंच पाहिलं असतं.

मला जाझचं वेड आहे. वेड म्हणजे ज्ञान नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मला स्वरलिपी वाचता येत नाही, नाचता तर मुळीच येत नाही, आणि ज्या हॉटेलांत हे संगीत वाजतं तिथला दरवान माझं धोतर दिसताच दार लावून घेतो. मी समोरच्या फूटपाथवर उभा राहतो आणि खिडकीतून जेवढं बाहेर सांडेल तेवढं गोळा करतो. बाकीचं शिक्षण रेकॉर्डींवर. विम्याच्या कचेरीतून सुटलो की घरी येऊन चावी द्यायची, सुई बदलायची आणि चाळीतल्या दोन-तीन गरीब स्वभावाच्या माणसांना बसवून त्यांना समजावून सांगायचं. ती माणसं चहासाठी येतात हे मला ठाऊक आहे.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत बस्त्याव मास्तर हे एके काळचं मोठं नाव. मूकपटांच्या थेटरात पडद्याखाली बसून वाजवण्यापासून सुरुवात करून ते बड्या हॉटेलांच्या बँडपर्यंत पोचले. त्यांची एक रेकॉर्ड सगळ्यांना माहीत आहे. एकट्या सॅक्सोफोनवरची फॉक्सट्रॉट नाचाची धून, जी अजूनही इराण्याकडे पावमस्का खाताना कानावर पडतो. माझं म्हणणं असं की खरे बस्त्याव मास्तर त्या रेकॉर्डमध्ये नाहीतच. ते आहेत गावची माणसं जमवून केलेल्या तीन तबकड्यांत, ज्या कुणी विकत घेतल्या नाहीत. त्यात एक कॉर्नेट आहे, एक क्लॅरिनेट, एक फिडल, मडक्याला कातडं ताणून केलेलं घुमट आणि मास्तर. फॉक्सट्रॉटमध्ये मास्तर सभेत भाषण करतात, इथे ते घरात बोलतात. कॉर्नेट बडबडायला लागला की सॅक्सोफोन खालून नुसता हुंकार भरतो. फिडल एखादं वाक्य अर्धं सोडतं, हा ते हळूच पुरं करून देतो आणि परत मागे सरतो. मोठ्या वादकाला मागे बसता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला या तीन तबकड्यांनी शिकवलं. त्या मी जुन्या बाजारात, एका फुटक्या आरशाच्या मागून उचलल्या.

त्यातल्या एका बाजूचं नाव नुसतं 'पाणी'. ठेका चांगला रंगात आलेला असताना सगळी वाद्यं एकदम थांबतात. काहीच नाही, नुसती सुईची खरखर. आणि मग त्या शांततेतून एकटा सॅक्सोफोन वर येतो, आणि त्याच्या मागोमाग घुमट. या जागेवर माझं एक तयार वाक्य होतं: "तालाची वाट न बघता सूर पुढे होतो, यातच जाझचं सगळं बंड आहे." वाक्य चांगलं आहे. ते अंगाशी कसं आलं तेच सांगायचं आहे.

धोबीतलावावर वाद्यांचं एक दुकान आहे, तिथे मी काही न घेता वारंवार जातो. एकदा त्या दुकानदाराला मी या तबकड्यांबद्दल सांगितलं होतं. काही दिवसांनी त्याने मला रस्त्यावरून हाक मारून थांबवलं. बस्त्याव मास्तर आता उत्तनला घरी असतात, त्यांच्या मुलीचं लग्न आहे, आणि रेकॉर्डी नि मशीन घेऊन लग्नाच्या आधी जरूर या, असा त्यांचा निरोप आहे. मी हवेत चालत घरी आलो. एवढ्या मोठ्या कलावंताला माझं मत ऐकायचं आहे, दुसरा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही. मी पाच-सहा मुद्द्यांचं एक छोटं व्याख्यान तयार केलं आणि दाढी करताना पाठ केलं.

शुक्रवार. भाईंदरहून बैलगाडीने

स्टेशनबाहेर टांगा होता, घोडाही होता, टांगेवाला मात्र लग्नाला गेला होता. मे महिन्यात त्या भागात कोणीही जागेवर नसलं तर ते लग्नाला गेलेलं असतं. शेवटी मोरव्याला रिकामी परत चाललेली एक बैलगाडी मिळाली. गाडीवाल्याने माझ्या सामानाकडे बोट केलं. "यान काय हाय?"

"पेटी आहे," मी म्हणालो. "जरा जपून. फार नाजूक आहे."

आमच्या घरी ग्रामोफोनला सगळे पेटीच म्हणतात. पण त्या मुलखात पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. गाडीवाल्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "भजन करतां वाटतं?"

"हो, एक प्रकारचं भजनच," मी म्हणालो. हे उत्तर मला त्या क्षणी फार मार्मिक वाटलं. त्याने मला मोरव्याच्या पुढे थेट उत्तनपर्यंत सोडायचं कबूल केलं आणि वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगितलं की मुंबईचा पेटीवाला घेऊन चाललोय.

दोन्ही बाजूंना मिठागरं होती. मिठाचे ढीग उन्हात असे चमकत होते की डोळे उघडे ठेवणं मुश्कील. तबकड्या मी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या आणि खड्डा दिसला की दोन्ही हातांनी डोक्यावर उचलत होतो. समोरून डोक्यावर पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांना मी नमस्कारच करतोय असं वाटलं. त्यांतल्या एकीने मान लववून परत नमस्कार केला, मग मलाही सगळ्यांना रीतसर करत जावं लागलं. डोंगरीच्या चढावर बैल थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघू लागले. मी उतरलो.

चढ संपल्यावर समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास आला, म्हणजे वाळत घातलेल्या बोंबलांचा. आम्ही घरचे शाकाहारी. मी नाकाला रुमाल लावला, पण मग खाली माडांच्या रांगेतून निळं पाणी, होड्या आणि पांढरंशुभ्र चर्च असं सगळं एकदम दिसलं आणि रुमाल आपोआप खाली आला. इतकं सुंदर ठिकाण भाईंदरच्या पुढे असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

मोनिकाबाईंचं अंगण

मास्तरांच्या दारात मांडव घातला होता आणि बायका घोळक्याने बसून लसूण सोलत होत्या. गाडी दिसताच कुणीतरी ओरडलं, "आला गं, पेटीवाला आला!" बातमी माझ्या आधी पोचली होती. मला खाट दिली, शहाळं दिलं आणि सगळ्याजणी समोर सरसावून बसल्या. मी खोका उघडला. भोंगा दिसल्यावर जी निराशा पसरली ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. "हा तं वाजवत न्हाय," एक म्हातारी म्हणाली. "नुसती चावी फिरवतो." जाझमधल्या माझ्या स्थानाचं इतकं अचूक वर्णन कुणी केलेलं नाही.

तेवढ्यात आतून बस्त्याव मास्तर आले. उंच, ताठ, केस काळेभोर, इतके की ते बाटलीतून आलेले असणार. वर बनियन आणि खाली हॉटेलच्या बँडची काठाला रेशमी पट्टी असलेली पँट. त्यांनी माझा हात धरून जोरात हलवला. "वेलकम, वेलकम! 'पाणी' आणली ना?"

"आणली तर! मास्तर, माझ्या मते तुमच्या फॉक्सट्रॉटपेक्षा..."

"फॉक्सट्रॉट छोड दो. ती तर बच्चा पण वाजवेल. 'पाणी' रस्त्यात तुटली नाय ना?"

मी लुगडं सोडून दाखवली. मास्तरांनी ती उन्हात धरून, तिरकी करून, रेघा बघितल्या आणि समाधानाने मान हलवली. आपल्या गाजलेल्या रेकॉर्डपेक्षा विस्मरणात गेलेली रेकॉर्ड त्यांना प्रिय आहे, म्हणजे आमचं मत तंतोतंत जुळलं, असं वाटून मला अगदी भरून आलं. व्याख्यान मी संध्याकाळवर ढकललं.

खरा प्रकार मला त्यांच्या पत्नीने, मोनिकाबाईंनी सांगितला. ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या बाई. मसाला कुटता कुटता, मधूनच मुसळ माझ्याकडे रोखून, त्या बोलत होत्या.

आमच्याकडे गिरगावात लग्नाआधी हळद लागते, तसं या ख्रिस्ती वाड्यांत आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला बायका घागरी घेऊन बँडसकट विहिरीवर जातात. आमच्या लग्नांत वाजंत्री एकदा सुरू झाली की मंगलाष्टकांनासुद्धा दाद देत नाही. पण मास्तरांच्या वाडीची रीत अशी की विहिरीशी पोचलं की सगळी वाद्यं बंद. नवरीची आई पहिली घागर सोडते. ती भरून काठावर आली की आधी घुमट बोलतं आणि मगच बाकीची वाद्यं. घागर वर यायच्या आत, घुमटाच्या आधी कुणी वाजवलं, तर त्याने रिकाम्या घागरीवर वाजवलं असं म्हणतात. ज्याच्याबद्दल असं म्हटलं जातं त्याला वाडीत वाजवणारा म्हणून कुणी मोजत नाही. मग तो मुंबईत कुणीही असो.

"त्या रेकॉर्डीत घुमट इनासचा हाय," मोनिकाबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा जिवाचा दोस्त, आमच्या रोजाचा धर्मबाप. रेकॉर्ड करून आलं दोघं, तं स्टेशनापासून भांडत आलं. इनास बोलतो, बस्त्यावनं रिकाम्या घागरीवर वाजवला. हे बोलतंत, इनास झोपला होता, घुमट मागं राहिला. आमच्याकडची रेकॉर्ड मागनं छापून आली, ती तं होडीतनं आणतानाच फुटली. तवापासनं दोघं एकमेकांशी बोलत न्हायत." मुसळ थांबलं. "उद्या सांजचं रोजाचं पाणी हाय. तिचा धर्मबाप घुमटावर न्हाय आला तं मी दुसरा घुमट आणणार न्हाय. मुकं पाणी आणीन. पोर रडते माझी."

म्हणजे मला बोलावलं होतं ते साक्षीदार म्हणून. साक्ष मी देणार नव्हतो, ती तबकडी देणार होती, आणि तिच्यात काय आहे हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. आधी सॅक्सोफोन येतो, मागोमाग घुमट. शेकडो वेळा ऐकलेलं. ज्याला मी जाझचं बंड म्हणत होतो, ती मास्तरांची चूक होती. मी शहाळ्यात तोंड घालून बसलो आणि माझ्या व्याख्यानाचे पाच-सहा मुद्दे एकेक करून बुडताना बघत राहिलो.

इनास

दुपार कलल्यावर मास्तर मला इनासकडे घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे, ते स्वतः चर्चच्या क्रुसापाशी उभे राहिले आणि मला पुढे पाठवलं. इनास माडाच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. काळा, सुकलेला, डोळे बारीक. मी ओळख करून दिली.

"पेटीवाला," तो म्हणाला. "ऐकलाय."

"मास्तर म्हणतात, उद्या सकाळी सगळ्यांसमोर रेकॉर्ड लावू. तुम्ही यावं."

"तो क्रुसाकडं उभा हाय, त्याला तोंड न्हाय काय?"

मी क्रुसापर्यंत गेलो आणि हा प्रश्न पोचवला. मास्तर म्हणाले, "त्याला सांग, रेकॉर्ड बोलेल." मी परत आलो. इनास म्हणाला, "त्याला सांग, रेकॉर्डीत मी जागा दिसलो तं सगळ्यांसमोर कबूल करायला लागेल." मी परत गेलो. वाळूत माझ्या वहाणा रुतत होत्या आणि दोघांच्या मध्ये एवढं थोडं अंतर होतं की दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी मास्तर तिथूनच गरजले, "कबूल! मी चुकलो असेन तर साक्सला परत हात लावणार नाय!"

इनासच्या हातातली सुई थांबली. त्याला हे आवडलं नाही, माझी खात्री आहे. पण शब्द निघून गेला होता. "येतो," तो म्हणाला आणि जाळ्यात मान घातली.

आता तुम्हाला परिस्थिती कळली असेल. सकाळी तबकडी फिरली की हिंदुस्थानातला, माझ्या मते, सर्वांत चांगला सॅक्सोफोन कायमचा बंद होणार होता, मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, आणि चावी मी देणार होतो.

शनिवार. तबकडी उन्हात

सकाळी उठल्या उठल्या मी ठरवलं की 'पाणी' नाहीशी करायची. पडून फुटली म्हणून सांगायचं. मी ती हातात घेऊन ओट्याच्या दगडाशी उभा राहिलो आणि हात सोडवेना. उभ्या आयुष्यात मी एकच दुर्मीळ वस्तू मिळवली, तीही आपल्याच हाताने फोडायची! मग सुचलं की उन्हात ठेवावी. लाखेची तबकडी मे महिन्याच्या उन्हात वाकडी होते, म्हणजे दोष सूर्याचा. मी ती मागल्या भिंतीवर ठेवली आणि निर्लज्जपणे न्याहारीला बसलो.

न्याहारीला फुगे होते, म्हणजे तळलेले मऊ गोळे, आणि बरोबर एक लालभडक लोणचं. लोणचं इतकं फर्मास की मी तीनदा मागून घेतलं आणि मोनिकाबाईंना म्हणालो, आमच्याकडे कैरी इतकी बारीक चिरत नाहीत. "कैरी न्हाय, कोळंबी," त्या म्हणाल्या. मी घास तोंडात धरून क्षणभर माझ्या सगळ्या पूर्वजांचा विचार केला. मग गिळला. पूर्वजांनी चौथ्यांदा मागू दिलं नाही, एवढंच.

पण खाताना लक्ष भिंतीकडे. वाकली असेल का? वाकली नसेल तर बरं, असंही वाटत होतं, आणि वाकली नसेल तर काय, असंही. शेवटी राहवेना. हात न धुता मागे धावलो. तबकडी जाग्यावर नव्हती.

ती मोनिकाबाईंच्या हातात होती, ओल्या फडक्यात. "तुमची ताटली उन्हात राहिली," त्या म्हणाल्या. "सोन्यासारखी वस्तू, अशी टाकतंत काय?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्या मोठ्या आवाजाच्या बाई पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. "मना माझा नवरा ठाऊक हाय, राव. तुम्ही नका वाचवू त्याला. जे हाय ते वाजू दे."

मशीन

अंगण भरलं. इनास कोपऱ्यात उकिडवा बसला. मास्तर मधल्या खुर्चीवर, अंगात कोट घालून, न्याय आपल्याच बाजूने लागणार असल्यासारखे. नवरी रोजा दारात आईला चिकटून उभी. मी चावी दिली, नवी सुई बसवली आणि ती रेघेवर सोडली.

उत्तनच्या त्या अंगणात 'पाणी' मी पहिल्यांदा ऐकली असं म्हणेन. गिरगावात मी ती बसून ऐकत होतो. इथे ठेका सुरू झाल्याबरोबर बायकांचे खांदे हलायला लागले, एक म्हातारी डोक्यावर नसलेली घागर सावरू लागली, आणि मला कळलं की हे पाच जण चालत आहेत. सॅक्सोफोन मागे का राहतो तेही कळलं. पुढे बायका असतात. त्याच्या चालीत ओझ्याच्या बायकांची चाल होती, आणि फार माया होती.

मग वाद्यं थांबली. अंगणातलं सगळं थांबलं. दोघी-तिघींनी क्रूस केला. सुई खरखरत राहिली.

सॅक्सोफोन आला. एकटा. आणि त्याच्या मागोमाग, थोडं दचकून, घुमट.

इतकं स्वच्छ की बहिऱ्याला कळावं. रेकॉर्ड संपली, सुई आतल्या रेघेत घासत राहिली आणि ती उचलायचं मला सुचेना. मास्तर हलले नाहीत. काळ्याभोर केसांखालचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं आणि ते इनासकडे बघत होते.

इनास उठला. ग्रामोफोनपाशी आला, वाकून फिरती तबकडी न्याहाळली आणि बराच वेळ विचार केल्यासारखं करून म्हणाला, "पेटीवालं, तुमचं मशीन जोरात पळतंय."

आता माझ्याजवळ अभिमान बाळगण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत, आणि माझ्या मशीनचा वेग ही त्यांतली पहिली. मी तो घड्याळ लावून दर रविवारी तपासतो. "शक्य नाही," मी म्हणालो. "अगदी अचूक आहे. आणि समजा पळत असलं, तरी सॅक्सोफोन आणि घुमट दोन्ही सारखेच पळणार, त्यामुळे आधी कोण आणि नंतर कोण हे..."

माझ्या पायावर मोनिकाबाईंची टाच पडली. बाई ठेंगण्या होत्या पण हलक्या नव्हत्या.

"...हे सांगता येणार नाही," मी म्हणालो. "पळतं. स्प्रिंग खराब आहे. घेतलं तेव्हापासून पळतं."

"तरी मना वाटलंच," कालची म्हातारी म्हणाली. "मुंबईच्या वस्तू सगळ्या अशाच." अंगणाने जोरात मान डोलावली. पंधरा मिनिटांत माझं मशीन किती वाईट आहे यावर प्रत्येकाचं मत झालं होतं. एकाने तर काल गाडीतून उतरवतानाच आपल्याला संशय आला होता असं सांगितलं. मी सगळ्याला हो म्हणालो. संगीतावर मी केलेल्या सगळ्या विधानांत एवढं खोटं आणि एवढं बरोबर विधान दुसरं नसेल.

मास्तर मात्र खुर्चीतच होते. ते हळू, फक्त इनासला उद्देशून बोलले, आणि मुंबईची सगळी मिसळ त्यांच्या बोलण्यातून गळून गेली होती. "त्या रेकॉर्डीच्या खोलीत इहीर न्हवती रं, इनास. भिंतीला गोधड्या लावल्या होत्या. पाणी वर आला का न्हाय, मना कसा कळणार? मी भ्यालो."

"मशीन पळतंय बोललो ना," इनास म्हणाला. "सांजचं कवा निघायचं?"

विहीर

ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. पुढे घागरी घेतलेल्या बायका, मागे बँड, सर्वांत मागे मी, हात रिकामे. मास्तरांच्या गळ्यात सॅक्सोफोन होता आणि शेजारी इनास घुमट काखेत दाबून चालत होता. सकाळच्या त्या दोन वाक्यांपुढे दोघांचं बोलणं गेलं नव्हतं, पण पावलं एकत्र पडत होती. म्हातारपणाने मास्तरांचा श्वास आखूड झाला होता, वरचे सूर फाटत होते. ते मागे राहून वाजवत होते, त्या तीन तबकड्यांत वाजवलं होतं तसंच. मी चालत होतो आणि ऐकत होतो, आणि कुणाला काही समजावून सांगायची इच्छा मला झाली नाही.

विहिरीशी आल्यावर सगळं थांबलं. मोनिकाबाईंनी घागर सोडली. या वेळी शांततेत सुई नव्हती. दोर रहाटावर कुरकुरत होता. खाली घागर पाण्याला टेकली, कलली, डुबूक-डुबूक करत भरत गेली. मग दोर ताणला आणि बाई ओढू लागल्या. माझी नजर मास्तरांच्या ओठांवर होती. वाद्य तोंडाशी होतं, बोटं जागेवर होती, आणि घामाचा एक ओघळ कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. पण ते वाट बघत होते.

घागर काठावर आली. काठोकाठ भरलेली, हिंदकळली, मोनिकाबाईंच्या पायांवर पाणी सांडलं. आता घुमट.

घुमट वाजलं नाही. इनासने हात उचलला होता आणि तो तसाच वर धरून ठेवला होता. सगळी वाडी त्याच्याकडे वळली. रोजा आपल्या धर्मबापाकडे बघू लागली. मास्तरांचे डोळे विस्फारले. ते वाट बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा असा होता की ते मरेपर्यंत वाट बघतील, पण आधी वाजवणार नाहीत.

मोनिकाबाई घागर कमरेवर घेऊन उभ्या होत्या. "अरं वाजवा कुणीतरी," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या.

इनास हलला नाही. त्याने फक्त मास्तरांकडे मान वळवली, हनुवटी जराशी वर उचलली आणि म्हणाला, "तू."

मास्तरांनी श्वास घेतला. सॅक्सोफोन घुमटाच्या आधी आला, एकटा, भर वाडीच्या देखत. घागर भरलेली होती.